झालं म्हणणारी ओळ

माझं काम काय, हे नांदेडच्या माझ्या सासूबाईंनी एकदा शेजारणीला एका वाक्यात सांगून टाकलं. "सून कंप्युटरच्या पोटातलं बघती." शेजारीण लगेच म्हणाली, "मंग आमचा टीव्ही दाखवू का?" तेव्हा मी हसून घेतलं. पण पुण्यातल्या एका कंपनीत वीस-बावीस वर्षं आणि नंतर लातूरच्या घरात बसून पाच-सहा वर्षं हेच काम केल्यावर कबूल करते, की सासूबाईंइतकं नेमकं मला कधी सांगता आलेलं नाही. फक्त एक खुलासा. पोटातलं बघणारीला प्रिंटर दुरुस्त करता येत नाही. हे मी इथं छापून देतेय. आमच्या गल्लीतल्या मंडळींनी फराळाबरोबर हेही पचवावं आणि माझ्या ओट्यावर आणून ठेवलेले दोन प्रिंटर घेऊन जावेत.

तर पोट. कुठलंही यंत्र घ्या, फोन घ्या, टीव्ही घ्या. वर दिसतं ते सगळं तोंडदेखलं. आत खोल एक प्रोग्राम बसलेला असतो, त्याला कर्नल म्हणतात. मेमरी कुणाला किती द्यायची, आधी कुणाचं काम करायचं, हे तो ठरवतो. त्याचा एक भाग म्हणजे फाइल सिस्टिम. तुम्ही फोटो काढून ठेवून दिला, की तो डिस्कवर नेमका कुठं ठेवायचा आणि वर्षभरानं मागितला तर तोच बिनचूक आणून द्यायचा, हे तिचं काम. घरातलं कोठार सांभाळणारी बाई समजा. काही सापडेनासं झालं की मगच लोकांना तिची आठवण होते.

हा कर्नल खुला असतो. कुणीही वाचावा, कुणीही सुधारणा पाठवावी. तोच कोड मोठ्या सर्व्हरवर चालतो आणि फायली साठवायच्या तळहाताएवढ्या डब्यातही चालतो. डब्यात जागा कमी, म्हणून तिथं काही सोयी वगळाव्या लागतात. मग कोडमध्येच लिहून ठेवतात: ही सोय हवी असेल तर या ओळी घ्या, नको असेल तर या ओळी नाहीतच असं समजा. यंत्रासाठी कर्नल तयार करताना ही निवड होते. आम्ही लोक तिला 'इफडेफ' म्हणतो. सरकारी फॉर्मवर 'लागू नसेल ते खोडा' असतं ना, तेच हे. फॉर्मवर असं दोनदा आलं तर माणूस निभावून नेतो. प्रत्येक वाक्याच्या मधोमध आलं, तर भरणाराही रडतो आणि तपासणाराही.

माझा पहिला पॅच, म्हणजे सुधारणेचा तुकडा, तसाच होता. पानभर एक फंक्शन, म्हणजे एका कामापुरता कोड, आणि त्यात अकरा इफडेफ. चालत होतं झकास. आमच्या फाइल सिस्टिमचे प्रमुख, ज्यांच्या होकाराशिवाय एक ओळ आत जात नाही, ते जर्मनीत राहणारे एक गृहस्थ. त्यांचं नाव आमच्या जिभेला पेलेना, म्हणून टीमनं त्यांचं 'मामा' करून टाकलं. मामांचं उत्तर आलं: "चालेल हे. पण वाचणार कोण?" एवढंच. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या, की विचारू नका! उदगीरची पोरगी मी, कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. दीड पानाचं उत्तर लिहिलं. सुदैवानं पाठवण्याआधी माझाच कोड पुन्हा वाचायला घेतला, आणि चौथ्या इफडेफनंतर मला माझंच काही कळेना. गुपचूप उत्तर पुसलं आणि मामांना विचारलं, "मग कसं लिहू?"

ते त्यांनी शिकवलं, वर्षानुवर्षं, न थकता. मूळ कोड सरळ वाहता ठेवायचा. हवं-नकोची निवड एका बाजूला, एकाच जागी करायची. तिथं एकाच नावाची दोन फंक्शनं ठेवायची. सोय असेल तर खरं फंक्शन कामाला लागतं. नसेल तर त्याच नावाचं, एका ओळीचं बदली फंक्शन उभं राहतं. मूळ कोडला यातलं काही ठाऊक असायची गरज नाही. आणि दुसरं, जिथं जमेल तिथं नको असलेला कोडही कंपायलरच्या, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या, नजरेखालून जाऊ द्यायचा. त्यानं तो वाचावा, तपासावा आणि मग टाकून द्यावा. कारण झाकून ठेवलेला कोड सडतो. एकदा आम्ही दीड वर्षात कुणी न वापरलेली सोय चालू केली, तर कर्नल तयारच होईना. बाकी सगळीकडं एका गोष्टीचं नाव बदललेलं, या झाकलेल्या ओळींना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या बिचाऱ्या जुन्याच नावानं हाका मारत बसलेल्या.

मग मी त्या कामाच्या मागंच लागले. आमच्या फाइल सिस्टिममधून इफडेफ वेचत गेले, तांदळातले खडे वेचावेत तसे. काही वर्षांनी मामांनी लिहिलं, "आता हा कोड मी चहा पिता पिता वाचू शकतो." माझ्या अख्ख्या नोकरीतलं हे सर्वात मोठं बक्षीस. छापून भिंतीवर लावणार होते, पण प्रिंटरचं मी वर सांगितलंच आहे.

आता त्या बदली फंक्शनकडं जरा लक्ष द्या. त्याला कुणी काम सांगितलं तर त्यानं उत्तर काय द्यायचं? उत्तरं दोन. एक म्हणजे 'ही सोय इथं नाही.' दुसरं म्हणजे शून्य. कर्नलमध्ये शून्य म्हणजे 'झालं'. पुष्कळ ठिकाणी शून्यच बरोबर असतं. पण कुणी आपल्याकडं काही जपायला दिलं असेल, तिथं नुसतं 'झालं' म्हणणं म्हणजे खिडकीवरल्या कारकुनानं अर्ज घ्यायचा, शिक्का मारून पोच द्यायची आणि अर्ज केराच्या टोपलीत टाकायचा.

आमच्या फाइल सिस्टिममध्ये प्रत्येक फाइलला चिठ्ठ्या लावायची सोय आहे. फोटो असेल तर त्यात कोण आहे, कुणी काढला, काय वाटेल ते चिठ्ठीवर लिहा. चिठ्ठी फाइलच्या आत नसते, तिला चिकटून असते. छोट्या डब्यांमध्ये ही सोय वगळता येते, आणि तिथलं बदली फंक्शन इमानदारीनं सांगायचं, 'ही सोय इथं नाही.'

मग एक दिवस असे डबे बनवणाऱ्या एका माणसाची मेल आली. त्याच्या गिऱ्हाइकांनी फायली डब्यात कॉपी केल्या, की प्रत्येक फाइलमागं 'चिठ्ठी लावता आली नाही' अशी तक्रार पडद्यावर येते. हजार फायली, हजार तक्रारी. लोक घाबरतात आणि डबा परत आणून देतात. काहीतरी करा ताई. 'ताई' त्यानं लिहिलं नव्हतं, पण सूर तोच होता.

आता आमच्याकडची रीत सांगते. आमच्याकडं तोंडावर न्हाई म्हणत न्हाईत. लग्नाला येताव का? हाव, येताव की. उद्या काम होतंय का? हाव, होतंय. तो हाव किती खरा, हे ऐकणाऱ्यानं ओळखायचं. उदगीरला माझ्या वडिलांचं, अप्पांचं, पेंडीचं दुकान होतं. सरकी पेंड संपलेली असली तरी अप्पांनी कधी गिऱ्हाइकाला न्हाई म्हटलं नाही. "बसा, चहा घ्या, गाडी येऊनच राहिली," म्हणायचे. गिऱ्हाईकही त्यांच्या तोंडाकडं बघून समजायचं, चहा पिऊन दुसऱ्या दुकानात जायचं आणि पुढच्या वेळी पुन्हा आमच्याकडंच यायचं. मी त्या चहावर वाढलेली. त्या माणसाला 'न्हाई' म्हणणं माझ्या जिवावर आलं. मी बदली फंक्शनच्या ओळीतलं 'सोय नाही' काढलं आणि शून्य लिहिलं. तक्रारी बंद, डबेवाला खूश.

मामांनी विचारलं, "खात्री आहे? हे फंक्शन आता खोटं बोलणार."

मी तीन दिवस भांडले. ज्याच्याकडं सोयच नाही तो चिठ्ठी लावायला जाईलच कशाला? नुसत्या तत्त्वापायी लोकांना का घाबरवायचं? तुमच्याकडं माणसापेक्षा नियम मोठा, आमच्याकडं तसं नाही, इथपर्यंत गेले मी. आज आठवलं तरी कान तापतात. शेवटी मामा थकले. "ठीक आहे," त्यांनी लिहिलं, "खाली तुझं नाव आहेच." आमच्याकडं प्रत्येक बदलाखाली करणाऱ्याचं नाव कायमचं राहतं. मला तेव्हा त्याचाही अभिमान वाटला.

त्यानंतर तीनेक वर्षं गेली असतील. आता बिरादार काका.

काका देवणी गावचे, अप्पांचे जुने दोस्त. गुरांचे डॉक्टर. नोकरी संपून कितीतरी वर्षं झाली, पण गुरं काही संपली नाहीत. देवणी जातीच्या गायबैलांचं त्यांना इतकं वेड, की काकू म्हणायच्या, "ह्यांना माझा चेहरा आठवायला वेळ लागतोय, गाईचा न्हाई." आसपासच्या गावांतल्या देवणी जनावरांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढायचे आणि प्रत्येकाची आई कोण, बाप कोण, ते लिहून ठेवायचं, असं हे त्यांचं व्रत. शेतकरी गाय फळवण्याआधी काकांना विचारून जात. बापलेकीचा, भावाबहिणीचा संबंध जुळला तर जात बिघडते. कुणाचं रक्त कुठं गेलंय हे काकांच्या नोंदीवरूनच कळायचं. आणि आता गोपालकांची एक संस्था या सगळ्या नोंदी आपल्या वंशावळीच्या पुस्तकात घेणार होती. अट एकच होती. आई आणि बाप, दोन्ही ठाऊक असलं पाहिजे.

त्या पुस्तकात काकांना सगळ्यात आधी बसव्याला बघायचं होतं. बसव्या हा त्यांच्या स्वतःच्या गोठ्यातला वळू. वानेरा, म्हणजे अंग पांढरंशुभ्र आणि तोंड दोन्ही बाजूंनी काळं. तीस वर्षं निवडत निवडत आणलेल्या रक्ताचं ते फळ. काका बोलताना त्याला 'आमचे बसवेश' म्हणायचे आणि मग इकडंतिकडं बघून हसायचे.

काकांना नोंदींसाठी प्रोग्राम मी करून दिला. दुसऱ्या कुणीही शहाण्या माणसानं साधा तक्ता करून दिला असता. मी पडले फाइल सिस्टिमची बाई! आईबापाची नावं मी थेट फोटोच्या चिठ्ठीवर लिहायची सोय केली. फोटो कुठंही हलवा, नावं सोबत जाणार. केवढी हुशारी! काकांनी वह्या लिहायचं बंद केलं आणि सगळं त्यातच टाइप करायला लागले, एका बोटानं, पण चुकारपणा न करता.

पुढं त्यांचा जुना कंप्युटर कुरकुरायला लागला, म्हणून फोटो ठेवायला नांदेडहून एक छोटा साठवणीचा डबा आणला. मीच निवडला. "यात आमचीच फाइल सिस्टिम हाय काका, डोळे झाकून घ्या." फोटो पाहायला एक लॅपटॉप दिला आणि कॉपी मी स्वतः बसून केली. एवढे हजारो फोटो, पण एक तक्रार आली नाही. प्रोग्राम आता डब्यातच चालत होता, लॅपटॉपवर त्यात गाई दिसत होत्या, आईबाप दिसत होते. मी छाती फुगवून म्हणाले, "झालं काका. जुना देऊन टाका आता." काकांनी आठवड्याभरात जुना कंप्युटर भंगारवाल्याला दिला.

तीन आठवड्यांनी सकाळी फोन आला.

"शैला, गाई हायत. आईबाप न्हाईत."

"म्हणजे काय काका?"

"म्हणजे फोटो हायत, खालची नावं न्हाईत. काल लाइट गेलती, इन्व्हर्टरबी बसला. आज चालू केलं तर समदं कोरं."

मी फोनवर दोन-चार उपाय सांगितले, पण आवाजातला माझा धीर सुटत चालला होता. गाडी काढली आणि देवणी गाठली. डब्याच्या कर्नलमध्ये कुठल्या सोयी घेतल्यात, त्याची यादी डब्यातच असते. ती उघडली. चिठ्ठ्यांची सोय: नाही. कॉपी करणाऱ्या प्रोग्रामनं हजारो वेळा विचारलं असेल, 'ही चिठ्ठी लावली का?' आणि माझ्या त्या एका ओळीनं हजारो वेळा सांगितलं असेल, 'झालं.' पडद्यावर दिसत होती ती नावं प्रोग्रामनं कॉपीच्या वेळी डब्याच्या तात्पुरत्या आठवणीत धरलेली होती. डबा बंद पडला तशी तीही गेली. मामांनी सांगितलं होतं, खोटं बोलेल म्हणून. मला वाटलं होतं, दुसऱ्या कुणाशी तरी बोलेल.

काका समोर खुर्चीवर बसले होते. म्हणाले, "डबा खराब निघाला का गं?"

खरं सांगते, अर्धं मिनिट माझ्या तोंडात 'हाव' आलेला होता. डबेवाल्याला कोण विचारायला जातंय? काकांनाही बरं वाटलं असतं आणि मलाही. मग मी म्हणाले, "न्हाई काका. डबा चांगला हाय. मी काम खराब केलंय." आणि सगळं सांगितलं. ती मेल, ते शून्य, मामांशी भांडलेले तीन दिवस. सांगताना रडू आलं, ते लपवलं नाही.

काका उठले. गोठ्याकडं गेले. खिडकीतून दिसत होतं, बसव्यापुढं वैरण टाकत होते. जरा वेळ त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. परत आले तेव्हा डोळे लाल होते, पण म्हणाले काय, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात आपल्यात. इथं शहाणी तू, आणि बैल माझा! बस, चहा घे. मंग भंगारवाल्याकडं जाऊ."

भंगारवाल्यानं पत्रा वेगळा, तारा वेगळ्या करून सगळं केव्हाच हैदराबादला धाडलं होतं. त्याच्या दुकानापुढं उभी राहून मी स्वतःला मनात ज्या शिव्या घातल्या, त्या दिवाळी अंकात छापता येणार नाहीत.

लातूरला परत येऊन मी एका ओळीचा पॅच लिहिला. शून्य काढलं, 'सोय नाही' परत आणलं. पॅचसोबत कारण लिहायचं असतं. मी लिहिलं, की या ओळीवर विसंबल्यामुळं एका माणसाच्या गुरांच्या वंशावळीच्या नोंदी गेल्या, ती ओळ माझी होती आणि तिच्यासाठी मी भांडले होते. मामा आता 'मी म्हणालो नव्हतो?' म्हणणार, म्हणून मी दात आवळून बसले. उत्तर आलं: "तू लिहिलीस, पण होकार मी दिला होता. कारणात माझंही नाव घाल." आणि खाली एकटीच एक ओळ, "गाईंचं काय झालं?" त्या जर्मन माणसाला मी मनातल्या मनात वाकून नमस्कार केला. डबेवाल्याचं काम आम्ही नंतर नीट केलं. कॉपी सुरू होतानाच एकदा सांगायचं, चिठ्ठ्या इथं राहणार नाहीत, पुढं जायचं का ते ठरवा. एकदा सरळ सांगितलं तर माणूस घाबरत नाही. हे मला दुकानदाराची लेक असून कळलं नव्हतं. अप्पांच्या 'गाडी येऊन राहिली'मागं गिऱ्हाइकाला वाचायला अप्पांचं तोंड होतं. शून्याला तोंड नसतं.

राहिल्या गाई. जुन्या वह्यांमधून निम्म्याअधिक जनावरांची नावं मिळाली. बाकीच्यांसाठी काका आणि मी दर रविवारी लॅपटॉप घेऊन गावोगाव फिरलो, पाच महिने. मी गाडी चालवायची, काकांनी रस्ताभर मला ऐकवायचं. "ही ती चिठ्ठीवाली," अशी माझी ओळख करून द्यायचे. एवढं ऐकून घ्यायची माझी लायकी होतीच.

पण त्या रविवारांनी मला जे दिलं ते पुण्याच्या नोकरीनं दिलं नव्हतं. मल्लप्पा नावाचे एक म्हातारे शेतकरी होते. फोटो उघडला की डोळे बारीक करून एकदाच बघायचे. "ही आमच्या गंगीची. कपाळ बघा की. हिचा बाप वलांडीच्या पाटलाचा." मी विचारलं, इतकं खात्रीनं कसं सांगता? म्हणाले, "तू तुझ्या मावशीच्या पोरीला वळखत न्हाईस का?" त्यांच्या घरच्या आजीला एका फोटोत मरून गेलेली गाय दिसली. आजीनं पडद्यावरून हात फिरवला आणि सुनांना हाका मारल्या, "या गं, आपली लक्ष्मी बघा." सगळं घर जमलं. त्या गाईच्या खोड्या सांगून सांगून हसली माणसं. मी आयुष्यभर फायली सांभाळल्या, पण कुणाच्या फाइलमध्ये काय असतं ते असं कधी बघितलं नव्हतं. त्या घरची भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन निघताना मला फार भरून आलं.

नव्या नोंदी मी साध्या तक्त्यात लिहीत गेले, त्याच्या दोन प्रती केल्या, आणि काकांनी हट्टानं तिसरी वहीत लिहिली. एकेक फोटो भरत आला. शेवटी राहिला बसव्या.

त्याची आई ठाऊक होती, काकांच्याच गोठ्यातली. बापाची अडचण होती. गाय फळली त्या दिवसांत काका डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लातूरला होते. परत आल्यावर गोठ्यातल्या गड्यानं सांगितलं, ते काकांनी थेट कंप्युटरमध्ये टाकलं होतं. गडी पुढं वारला. तेव्हा गावात दोनच वळू होते, नंद्या आणि काळतोंड्या. दोन्ही आता नव्हते, नाहीतर रक्त तपासून कळलं असतं. "मी टायपिलं एवढं ध्यानात हाय," काका म्हणाले, "काय टायपिलं ते न्हाई."

त्या दिवशी आम्ही दोघंच त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. संस्थेला तक्ता दुसऱ्या दिवशी पाठवायचा होता. बापाचा रकाना कोरा गेला तर बसव्या पुस्तकात जाणार नव्हता, आणि त्याची वासरंही नाहीत. काकांचं वय अठ्ठ्याहत्तर. पुन्हा तीस वर्षं कुठून आणायची?

मीच म्हणाले. "काका, नंद्या लिहू का? दोनातला एक तर हायच. कोण तपासतंय?"

काकांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. आजारी जनावराकडं बघतात तसं.

"आन् खरा बाप काळतोंड्या असला, आन् उद्या कुणी काळतोंड्याची लेक बसव्याकडं आणली, तर? पुस्तक म्हणंल, चालतंय, काय संबंध न्हाई. पुस्तकाचं ऐकून बापाची लेक बापाच्याच लेकाला देतील, शैला. लिही. बाप माहीत न्हाई."

"काका, बसव्या बाहेर राहील ना हो..."

"राहू दे. माझ्या गोठ्यात हाय की त्यो. लिही."

मी लिहिलं. तक्ता जतन केला आणि म्हणाले, "झालं."

काका खुर्चीतून पुढं वाकले. "खरंच झालं का, का नुस्तं झालं म्हणून राहिलीस?"

मी प्रोग्राम बंद केला. लॅपटॉप बंद केला आणि पुन्हा बटण दाबलं. दोघंही तो पुन्हा चालू व्हायची वाट बघत बसलो. मग तक्ता उघडला, बसव्याची ओळ काढली आणि मोठ्यानं वाचली. आई, कपिला. बाप, माहीत नाही.

"हाव," काका म्हणाले, आणि वहीत तसंच लिहून घेतलं.